आलबेल



वसईच्या या व्याख्यानमालेत आजवर किल्ल्यावर बोलणारे आले, शेतीवर बोलणारे आले, पाण्यावर बोलणारे आले. मला बोलावलं तेव्हा मी संयोजकांना म्हटलं, मला एकच काम येतं. दुसऱ्यांचे कॉम्प्युटर रात्री धड चालू आहेत की नाहीत, हे बघायचं. ते म्हणाले, मग त्यावरच बोला. तेव्हा आज मी पाच-पाच, दहा-दहा ओळींच्या प्रोग्रॅमबद्दल बोलणार आहे. आमच्या धंद्यात त्यांना स्क्रिप्ट म्हणतात, स्निपेट म्हणतात. मी नुसतं 'तुकडे' म्हणेन. पडद्यावर काही दाखवणार नाही. ज्याला कोड वाचता येतो त्याला तो माझ्याकडून बघायची गरज नाही, आणि ज्याला येत नाही त्याला तो बघून फक्त झोप येईल.

सुरुवात एका शब्दापासून करते. 'आलबेल'. हा शब्द आपल्याला इतका आपला वाटतो की तो मुळात इंग्रजी आहे हे सांगितल्यावर लोक हसतात. पलटणीतला पहारेकरी ठरावीक वेळाने 'ऑल वेल' अशी हाक द्यायचा. शिपायांच्या तोंडी तिचं आलबेल झालं. आता गंमत बघा. सगळं ठीक असताना 'सगळं ठीक आहे' असं ओरडायचं, ते ऐकून कुणीही उठायचं नाही, आणि हे रात्रभर चालू ठेवायचं. त्या हाकेत बातमी काहीच नाही. बातमी असते ती हाक चुकली तर. माझ्या लहानपणी आमच्या आळीत गुरखा यायचा. विजेच्या खांबावर काठी आपटायचा, शिट्टी मारायचा. त्या शिट्टीने आम्ही कधी जागे झालो नाही. पण एखाद्या रात्री आई मध्येच उठून बसायची आणि म्हणायची, "आज शिट्टी ऐकू नाही आली गं."

हे मला आईकडून वेळेवर शिकता आलं असतं. मी ते शिकले २०१८ च्या जुलैत.

तो आठवडा इथल्या सगळ्यांना आठवत असेल. नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली, गाड्या बंद, वसई-विरारमध्ये वीज नाही. मी त्या वेळी तालुक्यातल्या एका पतपेढीचं काम बघत होते. मुख्य कचेरीत तळमजल्यावर सर्व्हर, आणि त्याच्या शेजारच्या टेबलावर एक जुना डेस्कटॉप. त्या डेस्कटॉपवर माझा तुकडा चालायचा. दर पाच मिनिटांनी सर्व्हरला आणि प्रत्येक शाखेला हाक मारायची, कुणी ओ दिली नाही तर मला मेल आणि एसएमएस. चार वर्षं तो इमानाने चालला होता. पाऊस सुरू झाला, मी घरात अडकले, फोन जपून वापरत होते. दोन दिवस एकही निरोप आला नाही. मॅनेजरसाहेबांचा कसाबसा फोन लागला, तेव्हा मी त्यांना छातीठोकपणे सांगितलं, "काही आलेलं नाही म्हणजे ठीक असणार."

पाणी ओसरल्यावर आम्ही शटर उघडलं. जमिनीवर बोटभर चिखल होता. सर्व्हरच्या डब्यात पाण्याची रेघ कुठवर आली ते स्वच्छ दिसत होतं. आणि टेबलावरचा माझा डेस्कटॉप? तो पाण्यात बुडाला नव्हता. पहिल्याच दिवशी यूपीएस संपला, तेव्हाच तो बंद पडला होता. दोघे एकाच यूपीएसवर होते. मॅनेजरसाहेब पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून उभे होते. ते मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मॅडम, तुमचा पहारेकरीच आधी गेला की हो."

हिशेबाची प्रत वरच्या मजल्यावरच्या कपाटात होती, म्हणून पतपेढी वाचली. तो माझा शहाणपणा नव्हता. त्यांच्या जुन्या हेडक्लार्कची सवय होती ती.

त्यानंतर मी तुकडा उलटा केला. आता सर्व्हर स्वतः दर तासाला 'आलबेल' असा एक शब्द बाहेर पाठवतो. तो शब्द दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या विजेवरच्या एका कॉम्प्युटरला जातो. ठरलेल्या वेळेत शब्द पोहोचला नाही तर तो कॉम्प्युटर मला फोन करतो. आमच्यात याला हार्टबीट म्हणतात. ही कल्पना आमची नाही, रेल्वेची आहे. आपण ज्या विरार लोकलने जन्मभर जा-ये करतो, तिच्या मोटरमनच्या हातातल्या मुठीला डेड मॅन्स हँडल म्हणतात. हात दाबलेला आहे तोवर गाडी चालते. हात सुटला की ब्रेक लागतो. माणूस बेशुद्ध पडल्यावर त्याने बटण दाबावं अशी अपेक्षा रेल्वेने ठेवलेली नाही. मी मात्र चार वर्षं तशीच अपेक्षा ठेवून निवांत झोपत होते.

वीज जाण्यावरून एक सांगते आणि पुढे जाते. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात आडवी झाली, आपल्या न्हावा शेव्यातलं त्यांचं टर्मिनलही हाताने कामं करायला लागलं. कंपनीच्या सगळ्या जाळ्याची नोंदवही ज्या सर्व्हरांवर होती ते सगळे पुसले गेले, एक सोडून. तो एक आफ्रिकेत घानामध्ये होता, आणि तिथे नेमकी त्या वेळी वीज गेलेली होती. त्या एका प्रतीवरून त्यांनी घर पुन्हा उभं केलं. लोडशेडिंगला शिव्या देताना मला अधूनमधून तो सर्व्हर आठवतो.

आता हाक मारण्याबद्दल. जगात सगळ्यात जास्त वापरला गेलेला पहाऱ्याचा तुकडा म्हणजे 'पिंग'. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेतल्या माइक मूसने तो एका रात्रीत लिहिला. नेटवर्क नीट चालत नव्हतं आणि त्याला कारण शोधायचं होतं, एवढंच. नाव पाणबुडीच्या सोनारवरून. आवाज पाठवायचा, प्रतिध्वनी किती वेळाने येतो ते मोजायचं. अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या बोटीवर मासे शोधायचं यंत्र असतं, तत्त्व तेच. आमच्या क्षेत्रातलं नवीन पोर पहिली आज्ञा शिकतं ती ही, आणि पहिली फसगतही हिच्याचकडून होते. कारण पिंगला ओ देते ती मशीनची मुळातली प्रणाली. तिच्यावर चालणारा बँकेचा प्रोग्रॅम मरून दोन तास झाले असले तरी ओ येतच राहते. तुम्ही दार वाजवलंत, आतून 'ओ' आली. पण घरधनी गेला आहे आणि ओ देतोय भाडेकरू. म्हणून तुकडा लिहिताना मी आता स्वतःला विचारते: माझ्या प्रश्नाला उत्तर नक्की कोण देतंय?

आज मला बोलायचं आहे ते याच प्रश्नाबद्दल. आणि हा प्रश्न किती महाग पडतो, ते पुण्याच्या कॉसमॉस बँकेत दिसलं.

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. म्हणजे आपण इकडे चिखल उपसून महिना होत होता. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा काय होतं? यंत्र विचारणा पाठवतं, ती स्विच नावाच्या मधल्या प्रणालीकडे जाते, स्विच बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारतो, या खात्यात एवढे पैसे आहेत का. मुख्य प्रणाली 'आहेत' म्हणते, खात्यातून वजा करते, होकार उलटा जातो आणि नोटा बाहेर येतात. हल्लेखोरांनी मध्येच आपला नकली स्विच उभा केला. कॉसमॉसची बनावट कार्डं घेऊन माणसं २८ देशांतल्या एटीएमपुढे उभी होती. विचारणा आली की नकली स्विच मधल्यामध्ये 'होय, द्या' म्हणायचा. मुख्य प्रणालीपर्यंत प्रश्न पोहोचतच नव्हता. काही तासांत परदेशात सुमारे १२ हजार व्यवहार, ७८ कोटी रुपये. देशातल्या देशात २,८४९ व्यवहार, अडीच कोटी. मग सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

मुख्य प्रणालीकडे बघत बसलेल्या माणसाला त्या शनिवारी काय दिसलं असतं? प्रणाली चालू, डिस्क मोकळी, प्रोसेसर निवांत, ग्राहकांच्या खात्यातून काही वजा नाही. आलबेल.

मी या प्रकरणावर तरुण मुलांशी बोलते तेव्हा ती लगेच फायरवॉल, एन्क्रिप्शन असं काहीबाही सांगायला लागतात. ते लागतंच. पण माझं डोकं तिथे जात नाही, ते जातं आपल्या पतपेढीतल्या रोखपालाकडे. तो संध्याकाळी काय करतो? गल्ल्यातली रोकड मोजतो, रोजकीर्दीतला आकडा बघतो, दोन्हींचा मेळ बसतो का ते तपासतो. मेळ बसल्याशिवाय घरी जात नाही. दोन आकडे, दोन वेगळ्या ठिकाणचे, एकाला दुसऱ्याची भीड नाही. तोच तुकडा मी लिहिते: एका टोकाला किती वेळा 'द्या' म्हटलं गेलं, दुसऱ्या टोकाला किती वेळा वजा झालं, दर पाच मिनिटांनी दोन्ही मोज, फरक पडला की मला उठव. सात ओळी होतात. एवढ्याने कॉसमॉसचा दरोडा टळला असता असं मी म्हणणार नाही. बाहेरून शहाणपण शिकवणं सोपं असतं. पण एकाच तोंडून आलेलं उत्तर मी आता पुरावा मानत नाही.

आता थोडं हलकं घेऊ. तुकडा बनतो कसा ते सांगते. १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये डग मॅकिलरॉय नावाच्या गृहस्थाने एका टिपणात लिहिलं की प्रोग्रॅम एकमेकांना बागेतल्या नळीसारखे जोडता यायला हवेत. एक तुकडा कमी पडला की पुढचा जोडा. १९७३ मध्ये केन थॉम्प्सनने युनिक्समध्ये ते करून दाखवलं आणि त्याला नाव पडलं पाइप. मला त्यात आपल्या वाडीतला पाट दिसतो. रहाटाने बावखलातून, म्हणजे तळ्यातून, पाणी काढलं, पाटात सोडलं, पाट केळीकडे गेला, तिथून पानवेलीकडे वळवला. वळवणाऱ्याने फावड्याने एक माती इकडची तिकडे केली की झालं.

समजा इंटरनेटवर नवा सर्व्हर उघडा ठेवला. चहा होईपर्यंत कुणीतरी येऊन कडी वाजवून जातं. रूट, ॲडमिन, टेस्ट अशी नावं लावून बघतात. हे सगळं लॉगमध्ये उतरतं, दिवसाला हजारो ओळी. पहिली आज्ञा, ग्रेप: फक्त 'पासवर्ड चुकला' असलेल्या ओळी पुढे सोड. दुसरी: त्या ओळीतला पत्ता तेवढा ठेव, बाकी गाळ. तिसरी, सॉर्ट: सारखे पत्ते शेजारी लाव. चौथी, युनिक: प्रत्येक पत्ता किती वेळा आला ते मोज. पाचवी: जास्तीचे वर आण. सहावी: पहिले दहा दाखव. सहा आज्ञा, मध्ये पाच उभ्या रेघा, एक ओळ. पाचूबंदरला जाळं उतरल्यावर बायका बोंबील, कोळंबी, मांदेली वेगवेगळी करायला बसतात, त्यांच्यात कोण काय उचलणार हे कुणी कुणाला सांगत नाही. ही ओळ तशी चालते. मी पंचवीस वर्षं ती लिहितेय, अजून तिचा कंटाळा आलेला नाही.

पण हेच तुकडे एकमेकांचे उचलले जातात, आणि उचलणारा वाचत नाही. डिस्क भरल्याची खबर देणारा तुकडा घ्या. कुणालाही विचारा, त्याच्याकडे सापडेल. डिस्क किती भरली ते विचार, टक्का उचल, नव्वदच्या वर असेल तर मेल टाक, नसेल तर गप्प बस. सुंदर. आता डिस्क दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात पंचाऐंशीवरून थेट शंभरावर गेली तर? मेल पाठवणारा प्रोग्रॅम पत्र आधी त्याच डिस्कवर लिहून मग पाठवतो. डिस्कवर जागा नाही. 'जागा नाही' हे सांगणारं पत्र, जागा नाही म्हणून, निघतच नाही. दुसरा प्रकार याहून छळवादी. टक्का साठ दिसतोय आणि तरी मशीन नवी फाइल लिहायला तयार नाही. कारण प्रत्येक फाइलमागे एक आयनोड, म्हणजे नोंदवहीतली एक ओळ लागते. लाखो चिमुकल्या फाइलींनी ओळी संपवलेल्या असतात. गोदामात जागा आहे, वहीचं पान भरलंय. उसन्या तुकड्याने गोदाम बघितलं, वही बघितली नाही.

२०१५ मध्ये स्टीम या खेळांच्या दुकानाच्या लिनक्स आवृत्तीत एक ओळ निघाली. अमुक फोल्डरमधलं सगळं पुसून टाक. फोल्डरचं नाव एका चलात ठेवलेलं. चल रिकामा राहिला तर ओळीचा अर्थ होतो, मुळापासून सगळं पुस. काही लोकांचं सगळं पुसलं गेलंही. मजा ही की त्या ओळीच्या वर ती लिहिणाऱ्याने स्वतःच टीप लिहून ठेवली होती, एकच शब्द, 'भयंकर!' भीती वाटली, टीप लिहिली, आणि ओळ तशीच ठेवून तो जेवायला गेला असावा. मी त्याला हसत नाही. माझ्या जुन्या फाइलींत अशा टिपा आहेत.

माझ्याकडून घडलेली एक गोष्ट त्याहून वाईट. एका संस्थेत सभासदांची माहिती कुणीतरी एकगठ्ठा बाहेर काढल्याची नोंद लॉगमध्ये दिसली. वेळ २०.४५. त्या रात्री पावणेनऊला कचेरीत एकच मुलगा होता, तिमाहीचं काम संपवत बसलेला. त्याला बोलावलं गेलं, प्रश्न विचारले गेले, त्याचा चेहरा उतरलेला मी बघितला. मी रात्री पुन्हा लॉग उघडला, आणि माझ्या पोटात गोळा आला. त्या सर्व्हरचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर होतं. साडेपाच तास मिळवा. पहाटेचे सव्वादोन. पहाटे सव्वादोनला त्या मशीनवर माहितीची प्रत काढून ठेवणारा तुकडा चालतो. तो मीच लावलेला होता. चोर मी होते. सकाळी जाऊन त्या मुलाची सगळ्यांसमोर माफी मागितली. त्याने ती स्वीकारली, पण नंतर मला 'ताई' म्हणायचा तो 'मॅडम' म्हणायला लागला.

२८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इनने, म्हणजे देशाच्या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेने, आदेश काढला. घटना कळल्यापासून सहा तासांत आम्हाला सांगा, लॉग १८० दिवस जपा, घड्याळं सरकारी वेळेशी जुळवून ठेवा. सहा तासांवरून फार आरडाओरडा झाला. घड्याळाच्या कलमावर माझ्या आसपास कुणी बोललं नाही. मी ते दोनदा वाचलं.

आता उलटी बाजू. निरोप फार आले तर? नव्या उत्साहात मी एकदा प्रत्येक गोष्टीला निरोप लावला होता. दिवसाला तीनशे मेल. आठवड्याभरात मी ते आपोआप एका फोल्डरात टाकायला लागले, महिन्याने तो फोल्डर उघडणं बंद केलं. विरार गाडीत बायकांच्या डब्यात उभी असताना मोबाइल थरथरला तर तो पिशवीतून काढायला दोघींची परवानगी लागते, तेव्हा त्या थरथरण्याला काही अर्थ हवा. आपल्याकडे निर्मळ-नंदाखालच्या लोकांना विचारा. चर्चची घंटा प्रार्थनेची आहे की गावात कुणी गेलंय, ते ठोक्यांवरून कळतं. एकच घंटा, पण ती ओळखू येते. १७३९ मध्ये किल्ला घेतल्यावर मराठ्यांनी इथल्या घंटा नेल्या, त्यातली एक वाईजवळ मेणवलीच्या घाटावर टांगलेली आहे. आता ती पर्यटक वाजवतात. त्या आवाजाने कुणी मान वर करत नाही.

ओळखीचा मुद्दा निघाला म्हणून मार्च २०२४ चं एक्सझेड प्रकरण सांगते. एक्सझेड हा फाइली आवळायचा छोटा प्रोग्रॅम, लिनक्समध्ये जिथे-तिथे असतो. 'जिआ टॅन' नावाने कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ त्यावर गोडीगुलाबीने काम केलं, विश्वास कमावला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. तो जगभरच्या सर्व्हरांपर्यंत पोहोचायच्या बेतात होता. पकडला तो आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरने. त्याचा सुरक्षेशी काही संबंध नव्हता, तो डेटाबेसचा वेग मोजत होता. त्याला दिसलं की दूरच्या मशीनमध्ये शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, नेट स्लो असेल. याला रोजचा वेळ किती लागतो ते माहीत होतं, म्हणून तो खोदत गेला.

रोजचं मोजमाप माहीत असण्यावरून आठवलं, माझ्या शाळेतल्या सरांची वही मी इथे आणली आहे. घरच्यांनी विश्वासाने दिली. सर गणित शिकवायचे हे तुम्हाला माहीत आहे. पण ते रोज सकाळी घरामागच्या बावखलापर्यंत जायचे, काठच्या दगडावरच्या खुणेपासून पाणी किती बोटं खाली आहे ते बघायचे आणि लिहायचे. तारीख आणि आकडा, बाकी शब्द नाही. मी शाळेत असताना विचारलं होतं, सर, याचं काय करणार? ते म्हणाले होते, "काही नाही. माहीत असलेलं बरं." काल रात्री मी वही चाळत होते. मध्ये मध्ये आकड्याऐवजी लिहिलंय, 'पाहिलं नाही'. आजारी असतील, लग्नाला गेले असतील. आदल्या दिवशीचा आकडा पुन्हा लिहून टाकता आला असता, पाणी एका दिवसात कुठे जातंय? शून्यही लिहिता आलं असतं. मी बघितलेल्या कितीतरी महागड्या यंत्रणा नेमकं हेच करतात. माहिती आली नाही की शेवटचा आकडा तसाच दाखवतात, पडद्यावरची रेघ सरळ जात राहते, आणि बघणाऱ्याला वाटतं पाणी हललं नाही. सरांनी कधी तसं केलं नाही. ही वही कार्यक्रमानंतर टेबलावर ठेवणार आहे, बघा. फक्त पानं जपून उलटा, कडा सुटल्या आहेत.

माझा वेळ संपत आला आहे, आणि प्रश्नांसाठी दहा मिनिटं ठेवायला सांगितलं आहे. मीही लवकर निघणार आहे. पतपेढीचा सकाळी सहाचा निरोप आज सहा वाजून चार मिनिटांनी आला. शब्द तोच, आलबेल. पण तो पाच-सात सेकंदांत येतो. चार मिनिटं कुठे गेली, ते घरी जाऊन बघायचं आहे.